शब्दखेळ : यूवाचून क्यू

आजी-आजोबांनी हे सदर मोठ्याने वाचायचे आणि नातवंडांनी वही-पेन्सिल घेऊन समोर बसायचे, ही आपली नेहमीची रीत. इंग्रजी अक्षरांची नावेसुद्धा आम्ही देवनागरीत छापतो ती त्यासाठीच. ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी अक्षरे बोलायची, ज्यांना येत नाही त्यांनी ती ऐकून लिहायची. तेव्हा बसा बघू समोरासमोर.

या वेळचा विषय लोदच्या एका आजींच्या पत्रातून मिळाला. त्या लिहितात, "माझ्या नातीला मराठी येत नाही आणि माझी हिब्रू भाजीबाजारापुरती. दोघींना थोडीफार येते ती इंग्रजी. म्हणून मंगळवारी दुपारी तिची आई कामावरून येईपर्यंत आम्ही स्क्रॅबल खेळतो. मागच्या खेपेला माझ्याकडे क्यू, ए, टी, ए, आर अशी अक्षरे आली. यू काही येईना. मुंबईला आमच्या चाळीतला एक मुलगा दोह्याला नोकरीला होता, त्याच्या पाकिटांवर कतारचे स्पेलिंग पाहून पाहून पाठ झालेले. मी ऐटीत 'कतार' लावले. नातीने लगेच नियमांचा कागद काढला. देशाचे नाव चालत नाही म्हणे. अक्षरे उचलली, पाळी गेली, आणि शेवटपर्यंत तो मेला क्यू हातातच राहिला. आता ती म्हणते, आजी, तुला क्यू आला की मीच जिंकणार. कालच्या मंगळवारी मी डोके दुखते सांगून खेळलेच नाही. मला एवढेच सांगा, यू नसताना क्यू आला तर करायचे काय?"

आजी, नात बरोबर आहे हे आधी सांगून टाकतो. माणसांची, गावांची, देशांची नावे या खेळात चालत नाहीत. पण तुमच्या त्या पाच अक्षरांकडे पुन्हा एकदा बघा. शेवटची दोन झाका. काय उरले? क्यू-ए-टी. हा शब्द चालतो! येमेनमध्ये लोक ज्या झाडाची कोवळी पाने गालात धरून चघळतात, त्याचे हे नाव. आपल्या यमनी शेजाऱ्यांना विचारा, ते 'गात' म्हणतील. वस्तू तीच. याचे बारा गुण, आणि मुख्य म्हणजे क्यू हातातून सुटला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतले आल्फ्रेड बट्स नावाचे वास्तुविशारद १९३०च्या मंदीत बेकार झाले, तेव्हा त्यांनी हा खेळ रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्यांनी न्यूयॉर्क टाइम्स वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून ठरवले. जे अक्षर वारंवार येते त्याच्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी, जे क्वचित येते त्याची सोंगटी एकच आणि गुण भरपूर. म्हणून ई बारा वेळा आहे, त्याला गुण एक. क्यू आणि झेड एकेकदाच, त्यांना गुण दहा. स्क्रॅबल हे नाव १९४८ साली मिळाले. एकूण सोंगट्या शंभर, त्यांतल्या दोन कोऱ्या. प्रत्येकाच्या हातात सात.

आता क्यूची अडचण काय ती बघा. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग यू लागतो असे शाळेत शिकवतात, आणि शंभरात यू फक्त चार. ते चारही नातीकडे गेले तर आजींनी काय करायचे? खेळ संपताना हातात उरलेल्या सोंगट्यांचे गुण आपल्यातून वजा होतात, आणि ज्याने आधी हात रिकामा केला त्याला मिळतात. म्हणजे हातात अडकलेला क्यू दहाचा नाही, वीस गुणांचा फटका देतो.

म्हणून यू नसलेले क्यूचे शब्द पाठ असावे लागतात. ते आहेत थोडे, पण छोटे आहेत. मुलांनो, लिहा.

दोन अक्षरी एकच : क्यू-आय. चिनी लोक शरीरातल्या प्राणशक्तीला हे नाव देतात. अमेरिकेतल्या अधिकृत यादीत तो २००६ साली घेतला, आणि तेव्हापासून क्यूची भीती निम्मी झाली असे म्हणायला हरकत नाही. साधे अकरा गुण. पण अक्षराला तिप्पट गुण देणाऱ्या घरावर क्यू बसला आणि आडवे-उभे दोन्हीकडे क्यू-आय झाले, तर एका सोंगटीच्या जोरावर बासष्ट. पटावर कुठेही मोकळा आय दिसला की त्याच्या अलीकडची जागा बघून ठेवायची.

तीन अक्षरी : वर सांगितलेला क्यू-ए-टी, आणि एस-यू-क्यू. दुसऱ्यात यू आहे, पण क्यूच्या आधी. अर्थ अरबी बाजार, आपण ज्याला इथे 'शूक' म्हणतो तोच.

चार अक्षरी : क्यू-ए-डी-आय, क्यू-ए-आय-डी, डब्ल्यू-ए-क्यू-एफ, क्यू-ओ-पी-एच. पहिल्या दोघांत अक्षरे तीच, फक्त जागा बदलल्या. एकाचा अर्थ न्यायाधीश, दुसऱ्याचा पुढारी.

आता आजी, हे चार शब्द तुम्ही जरा मोठ्याने वाचा. पहिला म्हणजे काझी! आपल्या लोकांना हा शब्द इंग्रजी पुस्तकातून शिकायची गरज आहे का? कोकणात आपल्या समाजात लग्न, सुंता आणि इतर विधी करणाऱ्यांना काझीच म्हणत. तिसरा म्हणजे वक्फ, धर्मादाय मालमत्ता. नातीला हे दोन्ही पाठ करावे लागतील, तुम्हाला नुसते आठवायचे आहेत.

आणि असे किती तरी आहेत. फकीर : एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक : टी-ए-एल-ए-क्यू. बुरखा : बी-यू-आर-क्यू-ए. कुर्मा, हो, आपला मटणाचा कुर्मा : क्यू-ओ-आर-एम-ए. कव्वाली सुद्धा आहे. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, बरोबर सात अक्षरे. एका दमात सातही सोंगट्या लावल्या तर पन्नास गुण वरकड मिळतात, म्हणजे कव्वालीचे पटावरच्या रंगीत घरांशिवायच बहात्तर होतात. हे सगळे शब्द कॉलिन्सच्या यादीत आहेत, जी इंग्लंडकडची मंडळी वापरतात. अमेरिकन यादीत यांतले काही मिळणार नाहीत. म्हणून कोणती यादी मानायची ते खेळायला बसण्याआधी ठरवा, नंतर भांडू नका.

आणखी एक शब्द आहे तो मराठी माणसाने सोडू नये. क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कापडी भिंत ती वेगळी. इथे अर्थ आहे जमिनीखालून पाणी आणणारा कालवा. इराणात असे कालवे फार जुने आहेत. आपल्याकडे सतराव्या शतकात मलिक अंबरने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी बांधली ती याच जातीची. तिथली पाणचक्की पाहायला शाळेच्या सहलीबरोबर गेलेले पुष्कळ वाचक असतील. ती चक्की फिरवायलाही पाणी असेच जमिनीखालच्या नहरीतून आणले होते.

तर मग कतारमध्येच हा यूवाचूनचा क्यू आला कुठून? जगातल्या देशांची इंग्रजी नावे बघा. क्यूने सुरू होणारा देश एकच, कतार. क्यूने संपणाराही एकच, इराक. दोन्हीकडे यू नाही, कारण दोन्ही नावे अरबी आहेत. अरबीत क दोन. एक साधा, आपल्यासारखा. दुसरा घशातून खोल काढायचा, त्याचे नाव काफ, पण जड. इंग्रजीत लिहिताना साध्याला के आणि जड असेल त्याला क्यू, अशी वाटणी विद्वानांनी केली. म्हणून कुवेतला के, कतारला क्यू. ही वाटणी फार जुनी नाही. युरोपातल्या जुन्या नकाशांवर याच भूमीचे नाव कतारा असे, कधी सीने तर कधी केने लिहिलेले सापडते. दोह्यात २०१० साली जे सांस्कृतिक केंद्र उघडले त्याला तेच जुने नाव के लावून ठेवले आहे. गंमत अशी की खुद्द कतारचे लोक बोलताना हा क ग सारखा काढतात, 'गितर' असे काहीसे ऐकू येते. यमनी लोकांचा गात तसाच. २०२२ साली तिथे फुटबॉलचा विश्वचषक झाला तेव्हा इंग्रज बातमीदारांनी हे नाव इतक्या तऱ्हांनी उच्चारले की ऐकणाऱ्यांची करमणूक झाली.

दोह्यातला सर्वांत प्रसिद्ध बाजार म्हणजे सूक वाकिफ. दोन शब्द आणि दोन क्यू! वाकिफचा अर्थ उभा राहिलेला. वक्फ आणि वाकिफ एकाच धातूतले, थांबणे, उभे राहणे. वक्फची मालमत्ता म्हणजे थांबवलेली, विकता न येणारी. याच वाकिफपासून फारसीमार्गे मराठीत 'वाकबगार' आला. एखाद्या गोष्टीपाशी थांबून तिची माहिती करून घेतलेला माणूस. चाळीतला तो मुलगा सूक वाकिफमध्ये भाजी घ्यायला जात असेल तेव्हा आपण वाकबगारपणे भाव करतो आहोत हे त्याला कुठे ठाऊक असणार!

मुंबईचे आणि कतारचे नाते तसे जुनेच. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६६ पर्यंत कतारात चलन होते ते रुपयाचे, आणि १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या.

मुलांनो, आता तुमची पाळी. कतार हिब्रूत लिहा. कोफ, तेत, आलेफ, रेश. इराक लिहा. शेवटी काय आले? कोफ. कुवेत लिहा. काफने सुरू झाले ना? तुम्ही बोलताना कोफ आणि काफ सारखेच बोलता, पण लिहिताना चुकत नाही. म्हणजे कुठे क्यू आणि कुठे के हे कोणी न सांगता तुम्हाला कळते. हिब्रूत कोफ, तर इंग्रजीत क्यू. अपवाद आहेत. कैरो हिब्रूत कोफने लिहितात आणि इंग्रजीत सीने. पण पुष्कळदा ही युक्ती उपयोगी पडते.

याचे कारण असे की क्यू हा कोफच आहे. फिनिशियन लोकांचे एक अक्षर होते, वाटोळे डोके आणि त्यातून खाली गेलेली काडी. त्याचे नाव कोफ. ते हिब्रूने ठेवले, अरबीने ठेवले, ग्रीकांनी उचलले, ग्रीकांकडून इटलीत गेले आणि लॅटिनमध्ये क्यू झाले. मोठा क्यू काढा आणि शेजारी कोफ काढा. दोघांनाही शेपूट आहे. लॅटिनवाल्यांनी हे अक्षर फक्त उच्या आधी वापरायचे ठरवले, तिथून यू त्याच्या पाठीला चिकटला. इंग्रजीत तर आधी हा प्रकार नव्हताच, राणीला ते सी-डब्ल्यू लावून लिहीत. १०६६ नंतर नॉर्मन लोक आले, त्यांच्या कारकुनांनी क्यू-यू आणला. म्हणजे यू हा मागाहून आलेला पाहुणा, आणि कतारचा क्यू हा मूळ घरचा.

चार अक्षरी यादीतला शेवटचा शब्द आठवतो? क्यू-ओ-पी-एच. तो म्हणजे 'कोफ' हे आपल्या अक्षराचेच इंग्रजी नाव. अठरा गुण. आलेफ-बेतमधल्या अक्षरांची नावे इंग्रजी शब्दकोशात आहेत, त्यामुळे ती चालतात.

खिशात हात घाला. एक शेकेलचे नाणे काढा आणि त्यावरचे इंग्रजी वाचा. एस-एच-ई-क्यू-ई-एल. के नाही, क्यू, कारण हिब्रूत तिथे कोफ आहे. १९८५ साली नवा शेकेल आला तेव्हापासून असेच आहे. हा शब्दही चालतो, अठरा गुण. त्याला एस लावून अनेकवचन केले की सात अक्षरे, म्हणजे पन्नास वरकड. पाच शेकेलच्या नाण्यावर हिब्रू पद्धतीचे अनेकवचन आहे, तेही चालते, पण अक्षरे आठ, एक आधीच पटावर हवे. रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांवर अश्केलोन, किर्यात गात यांतही क्यू दिसेल. २००६ साली हिब्रू भाषेच्या अकादमीने नियम सोपे केले आणि कोफला के दिला. वाचायला सोपे झाले असेल, आम्हाला मात्र जुन्या पाट्या आवडतात, त्यांत अक्षराची जात कळत होती.

आता दोघांनी मिळून करायचे काम. मराठीत जड क आणि हलका क असा फरक नाही, आपण सगळे एकाच क ने लिहितो. पण निजामशाही-आदिलशाहीच्या कचेऱ्यांतून फारसी-अरबी शब्द मराठीत इतके आले की मोजता येऊ नयेत. शिवाजी महाराजांनी त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचवणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी किल्ला किल्लाच राहिला आणि कायदा कायदाच. किल्ला, कायदा, करार, हक्क, तालुका, कुलूप, कबर, कबूल, किंमत, कलम, या सगळ्यांत मूळचा जड क आहे. आणि अरबी-हिब्रू चुलत बहिणी असल्यामुळे त्यांतले काही शब्द नातवंडांच्या हिब्रूत कोफ लावून बसलेले असतात.

कबर घ्या. हिब्रूत केवेर, कोफने. हक्क घ्या. हिब्रूत खोक, म्हणजे कायदा, शेवटी कोफ. कुर्बानी आणि कोर्बान, दोन्ही एकच. आणि आमचा सर्वांत आवडता, कबूल. लग्नात, कोर्टात, भांडण मिटवताना आपण कबूल म्हणतो, म्हणजे स्वीकारले. हिब्रूत 'स्वीकारणे' याचा धातू तोच, कोफ-बेत-लामेद. दुकानदार सामान घेतल्यावर हातात पावती देतो ती काबाला. मोठ्या पंडितांची गूढविद्या ती पण काबाला, कारण ती गुरूकडून स्वीकारायची असते. इंग्रजीत तिचे एक स्पेलिंग क्यू-ए-बी-ए-एल-ए, आणि तेही चालते. आजीचा कबूल, नातीच्या हातातली पावती आणि पटावरचे पंधरा-सतरा गुण हे सगळे एकाच घरचे.

लोदच्या आजींना म्हणून एक सुचवतो. पुढच्या मंगळवारी नुसते शब्द पाठ करून जाऊ नका. नातीने "हा कुठला शब्द?" विचारले की काझी कोण, कुर्मा कसा करतात हे सांगत बसा. नियमाप्रमाणे अर्थ सांगावा लागत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, आणि २०२४ साली स्पॅनिशचेही. त्यांनी शब्दांच्या याद्याच्या याद्या डोक्यात साठवल्या, अर्थ बाजूला ठेवले. ते अचाट आहेत, पण तसे खेळून तुमच्या नातीला मराठीचा एक शब्दही कळणार नाही. डोके दुखण्याचे कारण मात्र आता सांगू नका.

खेळण्याच्या दोन बारीक युक्त्या. क्यू हातात आला की आय आणि ए ही अक्षरे चटकन खर्च करू नका, त्यांच्याशिवाय क्यू-आय, क्यू-ए-टी काही होत नाही. आणि पिशवीत सात किंवा जास्त सोंगट्या असतील तोवर पाळी सोडून अक्षरे बदलता येतात. फारच अडले तर क्यू परत टाका. पाळी जाते, पण वीस गुणांच्या फटक्यापेक्षा ते परवडते. पिशवीत सात उरल्या नाहीत की ही वाट बंद.

आता कोडे. कतारची पाच अक्षरे घ्या आणि त्यांत आय व एन ही दोन घाला. म्हणजे क्यू, ए, टी, ए, आर, आय, एन. या सातांतून क्यू असलेले शब्द शोधायचे, एक अक्षर एकदाच, ए मात्र दोनदा वापरता येईल. दोन अक्षरी, तीन अक्षरी आणि पाच अक्षरी असा एकेक शब्द वर येऊन गेला आहे. सहा अक्षरीही एक आहे, तो वर आलेला नाही. ते एका युरोपीय देशाचे नाणे होते, आणि त्या देशाचे नाव ए ने सुरू होते. क्यू नसलेले किती सापडतात तेही लिहून ठेवा, आगगाडी आणि मुकुट त्यांत आहेत.

आजी-आजोबांसाठी वेगळे. मूळचा जड क असलेले आणखी दहा मराठी शब्द काढा, आणि नातवंडांना विचारून त्यांतल्या कोणत्याला हिब्रूत कोफचा भाऊ आहे ते समोर लिहा. कागद आणि कारकून हे शब्द पाठवू नका, त्यांतला क साधा आहे. उत्तरे नेहमीच्या पत्त्यावर, पाकिटावर 'शब्दखेळ' असे लिहून.